रस्त्यावरची माणसं कुठे गेली?

“सर, तेव्हा मुंबईत माणसंच राहत नव्हती का?”

प्रश्न सातवीतल्या एका मुलीचा. कामोठ्यातल्या आमच्या वर्गात इतिहासाच्या तासाला मी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या काही छायाचित्रांच्या प्रती फिरवत होतो. इमारतींच्या कमानी, खिडक्यांची नक्षी, कौलांच्या ओळी, सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. रस्ता मात्र रिकामा. एका कोपऱ्यात धुरकट डाग होते, तेवढेच. “सकाळी लवकर काढला असेल फोटो,” एक मुलगा म्हणाला. “संचारबंदी असेल,” दुसरा म्हणाला. मानसरोवर स्टेशनकडे सकाळी साडेसातला लोटणारी गर्दी रोज पाहणाऱ्या मुलांना रिकामा रस्ता विचित्र वाटणारच.

खरं तर १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८ लाखांच्या वर भरली होती. रस्त्यावर हमाल होते, भिस्ती होते, बैलगाड्या होत्या, फेरीवाले होते. मग छायाचित्रात ते का नाहीत? त्या तासाला मी वेळ मारून नेली. नंतर शोधाशोध केली, तेव्हा लक्षात आलं की या एका प्रश्नात रसायनशास्त्र आहे, गणित आहे आणि इतिहास कसा वाचावा याचा धडाही आहे.

पॅरिसमधला एकटा माणूस

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. लुई दागेर यानं १८३८ मध्ये आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचं चित्र घेतलं. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा, त्याला आयोडिनची वाफ द्यायची म्हणजे प्रकाशाला संवेदनशील असा सिल्व्हर आयोडाइडचा थर तयार होतो. हा पत्रा कॅमेऱ्यात ठेवून भिंगावाटे येणारा प्रकाश त्यावर काही मिनिटं पडू द्यायचा. मग पाऱ्याची वाफ दिली की चित्र उमटायचं.

रस्ता होता ‘बुलेव्हार द्यू ताम्प्ल’. नाटकगृहांचा, घोडागाड्यांनी गजबजलेला. पण चित्रात तो ओसाड दिसतो. फक्त खालच्या बाजूला, पदपथाच्या कडेला एक माणूस उभा आहे. त्यानं एक पाय उचलून ठेवला आहे आणि त्याच्यासमोर बूट पॉलिश करणारा वाकलेला आहे, त्याची आकृती जरा पुसट आहे. पॉलिश होईपर्यंत गिऱ्हाईक जागचं हललं नाही, म्हणून ते चित्रात राहिलं. ओळखू येतील अशी माणसं असलेलं, आज उपलब्ध असलेलं हे सर्वांत जुनं छायाचित्र मानलं जातं.

तारायंत्राशी ज्याचं नाव जोडलं गेलं आहे, तो सॅम्युएल मोर्स १८३९ मध्ये पॅरिसमध्ये होता. दागेरनं त्याला आपली चित्रं दाखवली. एरवी माणसांनी भरलेला हा रस्ता चित्रात निर्मनुष्य आहे आणि बूट पुसून घेणारा एकच माणूस त्यात उरला आहे, हे मोर्सच्या लगेच लक्षात आलं. आपल्या सातवीतल्या मुलीला पडलेला प्रश्न त्यालाही पडला होता म्हणायचा!

पंख्यानं दिलेलं उत्तर

हालणारी माणसं चित्रातून गायब कशी होतात? वर्गातला पंखा सुरू करा आणि मुलांना वर पाहायला सांगा. पंखा वेगात फिरू लागला की पात्यांच्या मागचं छत दिसू लागतं. पाती तर तिथेच आहेत. पण छताचा प्रत्येक ठिपका पात्यामागे फार थोडा वेळ झाकला जातो आणि बाकीचा वेळ उघडा असतो. म्हणून डोळ्याला मुख्यतः छत दिसतं, पात्यांचं फक्त धुकं उरतं.

आता हेच गणित रस्त्यावर करून पाहू. माणूस साधारणपणे सेकंदाला सव्वा मीटर चालतो. अंगाची रुंदी अर्धा मीटर धरली, तर मागच्या भिंतीचा एखादा ठिपका तो ०.४ सेकंद झाकतो. भिंगाचं टोपण ४ मिनिटं, म्हणजे २४० सेकंद उघडं असेल, तर त्या ठिपक्यावरून आलेल्या एकूण प्रकाशात या माणसाचा वाटा किती? २४० भागिले ०.४, म्हणजे सहाशेत एक भाग. तो दिसणं शक्यच नाही. एकामागून एक ६० माणसं गेली, तरी वाटा दहा टक्क्यांचाच. वर्गातल्या छायाचित्रात कोपऱ्यात दिसणारे धुरकट डाग हे असे होते. ती माणसं होती, बैल होते, गाड्या होत्या!

गणित उलटही करता येतं. टोपण ५ सेकंदच उघडं ठेवलं, तर तेवढ्यात माणूस सहा मीटरपेक्षा थोडा जास्त सरकतो. म्हणजे माणसाच्या जागी लांबलचक पट्टा उमटणार. एक साठांश सेकंदात तो दोन सेंटिमीटर सरकतो. दहा मीटर रुंदीचं दृश्य वीस सेंटिमीटर रुंद कागदावर छापलं, तर हे दोन सेंटिमीटर कागदावर ०.४ मिलिमीटर होतात. जरा पुसट, पण माणूस ओळखू येईल. एक अडीचशांश सेकंदात तो पाचच मिलिमीटर सरकतो, कागदावर ०.१ मिलिमीटर. हा हलका पुसटपणा साध्या डोळ्यांना जाणवणार नाही. रस्त्यावरचं चालतं-बोलतं जीवन छायाचित्रात येण्यासाठी सेकंदाचे असे तुकडे करता यायला हवे होते. त्यासाठी पन्नासएक वर्षं लागली.

मुंबईतली ओली काच

मुंबईत ही कला फार लवकर पोचली. १८५४ मध्ये इथे ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. आपल्याला परिचित असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतले एक महत्त्वाचे छायाचित्रकार. तेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. त्या काळी छायाचित्रणाला रसायनं हाताळण्याची सवय लागे, त्यामुळे डॉक्टरांना हा छंद जवळचा वाटला असेल तर नवल नाही.

तोपर्यंत नवी पद्धत आली होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसानं १८५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. वाळली की काम बिघडलं, कारण वाळलेल्या कलोडियनमधून डेव्हलपरचं द्रावण आत शिरत नाही. म्हणजे काच तयार करणं, चित्र घेणं आणि ते धुणं हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं. मुंबईच्या उन्हाळ्यात त्याहूनही घाई. छायाचित्रकार रस्त्यावर निघाला, की त्याच्याबरोबर अंधाराचा तंबू, बाटल्या, पाणी, काचा आणि हे सगळं वाहणारी माणसं निघत. शटर नव्हतंच. भिंगाचं टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे, टोपण पुन्हा लावायचं. मोजणी काही सेकंदांपर्यंत खाली आली होती. पण चालत्या माणसाचा पट्टा व्हायला तेवढे सेकंद पुरतात, हे आपण पाहिलंच.

अपवाद होते. लहान भिंगाच्या जोडकॅमेऱ्यांना प्रकाश लवकर पुरे. १८५९ मध्ये एडवर्ड अँथनीनं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरची चालती गर्दी अशा कॅमेऱ्यानं टिपली. पण मोठ्या काचांवर घेतलेल्या चित्रांत रस्ते रिकामेच राहिले.

मग ज्यांना मुंबईची माणसं दाखवायची होती, त्यांनी काय केलं? विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यांतली चित्रं पाहिली की माणसं शहरातल्या ओळखीच्या जागांसमोर उभी दिसतात. पण ती तिथे उभी नव्हती! माणसांचं छायाचित्र स्टुडिओत घेतलेलं, मागच्या जागेचं छायाचित्र वेगळं घेतलेलं, आणि दोन्ही एकत्र जोडून एक चित्र केलेलं. रस्त्यावर माणसं टिकत नव्हती, म्हणून ती कात्रीनं रस्त्यावर आणली.

इथे जरा थांबायला हवं. रिकामे रस्ते हा रसायनाचा दोष होता. पण या जोडचित्रांत दुसरी एक गोष्टही हरवली आहे. खाली लिहिलेलं असतं ते जातीचं किंवा धंद्याचं नाव. त्या माणसाचं नाव नसतं. पुढे सरकारनं काढलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या १८६८ ते १८७५ मधल्या आठ खंडांचा ढंग बहुतेक असाच होता. माणूस दिसतो, पण नमुना म्हणून. त्या दिवशी तो कुठून आला होता, उभं राहायला कुणी सांगितलं, त्याला काय मिळालं, हे कुणी टिपून ठेवलं नाही.

जिलेटिन, गाई आणि मोहरी

काचेचं ओलेपण संपवलं तेही एका डॉक्टरनंच. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांना कलोडियनमधल्या ईथरच्या वाफेचा त्रास होई. दुसरा पर्याय शोधताना त्यांनी सिल्व्हर ब्रोमाइडचे कण जिलेटिनमध्ये मिसळून पाहिले आणि १८७१ मध्ये आपली कृती प्रसिद्ध केली. जिलेटिन वाळलं तरी पाण्यात पुन्हा फुगतं आणि द्रावण आत घेतं. त्यामुळे काचा महिनोन्‌महिने आधी तयार करून ठेवता येऊ लागल्या. अंधाराचा तंबू घरी राहिला.

१८७८ मध्ये चार्ल्स बेनेटनं दाखवलं, की हे मिश्रण काही दिवस उबदार ठेवलं तर त्याची संवेदनशीलता खूप वाढते. कारण कण मोठे होतात. आता सेकंदाचा छोटासा अंशही पुरू लागला. हातानं टोपण काढून घालणं त्यासाठी फार हळू होतं, म्हणून यांत्रिक शटर गरजेचं झालं.

पण एक कोडं राहिलं होतं. एका कारखान्याचं जिलेटिन उत्तम काम देई, दुसऱ्याचं शुद्ध असूनही मंद ठरे. उत्तर १९२५ मध्ये मिळालं. कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्ड यांना आढळलं, की चांगल्या जिलेटिनमध्ये गंधकाच्या संयुगांचा अगदी अल्प अंश असतो. मोहरीला ज्यांच्यामुळे झणका येतो, त्याच जातीची ही संयुगं. जिलेटिन तयार होतं जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून. जनावरांनी चरताना मोहरीच्या कुळातल्या वनस्पती खाल्ल्या, की त्यांचा अंश जिलेटिनमध्ये उतरे. या गंधकामुळे सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांवर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके तयार होतात आणि प्रकाशानं मोकळे झालेले चांदीचे अणू तिथे साठतात. असे मोजके अणू एकत्र आले की पुरे. डेव्हलपर मग तो सगळा कण, म्हणजे अब्जावधी अणू, चांदीत बदलतो. गाईनं काय खाल्लं यावर रस्त्यावरचा माणूस छायाचित्रात येणार की नाही हे काही अंशी ठरत होतं!

रस्ता भरू लागला

१८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमननं कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. आत शंभर चित्रांची गुंडाळी असे. ती संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. रसायनं न हाताळताही फोटो काढता येऊ लागला.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. १८९७ मध्ये प्लेग समितीच्या कामाची जी छायाचित्रं घेतली गेली, ती कॅप्टन सी. मॉस यांच्या नावावर आहेत. त्यांत चाळींच्या तोंडाशी, गल्ल्यांत, इस्पितळांत माणसं आहेत. रस्ता आता रिकामा नाही. पण नीट पाहिलं तर लक्षात येतं, की कॅमेरा तपासणी करणाऱ्यांच्या बाजूनं उभा आहे. ज्यांची घरं धुतली जात होती, त्यांच्या दारातून रस्ता कसा दिसत होता हे त्या चित्रांत येत नाही.

त्याच सुमारास मुंबईत छायाचित्रांचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, हलत्या चित्रांकडे वळले. जुलै १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रं दाखवली गेली होती. त्यानंतर त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन इथली कुस्ती टिपली. दुसरं चित्र होतं माकडांना शिकवणाऱ्या माणसाचं. राजा नाही, दरबार नाही. कुस्ती आणि माकडवाला! कॅमेरा आपल्या माणसाच्या हातात आला तेव्हा त्याला रोजची करमणूक टिपावीशी वाटली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

१९२५ मध्ये लायका हा खिशात मावणारा कॅमेरा विक्रीला आला. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म त्यात चाले आणि शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत जाई. अशा कॅमेऱ्यांमुळे रस्त्यावरचं छायाचित्रण ही स्वतंत्र वाट झाली. हेन्री कार्टिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकानं ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग जगभर नेला.

मुंबईत १९३० नंतरच्या दशकात होमाई व्यारावाला हातात कॅमेरा घेऊन फिरू लागल्या. जे. जे. कला महाविद्यालयात त्या शिकल्या होत्या. बरोबरच्या विद्यार्थिनी, शहरातलं रोजचं जगणं हे त्यांचे सुरुवातीचे विषय. ही छायाचित्रं ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये छापून आली ती मात्र त्यांचे पती माणेकशा यांच्या नावानं. पुढे १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. जॉन्सनच्या खंडांत कॅमेऱ्यासमोरच्यांची नावं नव्हती. इथे काही काळ कॅमेऱ्यामागच्या बाईचंच नाव नव्हतं.

आता कोण दिसत नाही?

दागेरच्या पत्र्यावर जो थांबला तोच उरला. आज मोबाइलचं शटर हजाराव्या भागापर्यंत सहज जातं, म्हणजे कोणीही चित्रातून गळायचं कारण नाही. तरीही माणसं गळतातच. आता ती रसायनामुळे गळत नाहीत, आपण कॅमेरा तिकडे वळवत नाही म्हणून गळतात.

मुंबईचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. कचऱ्याच्या गाड्यांवर, गटारांत उतरून काम करणारी ही माणसं शहर रोज पाहतं आणि तरी पाहत नाही. ओलवे यांच्या कृष्णधवल छायाचित्रांनी ती पाहायला लावली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पॅरिसच्या त्या चित्रात बूट घालणारा ठळक आणि बूट पुसणारा पुसट आहे, कारण त्याचे हात चालू होते. काम करणारा पुसट होतो! ओलवे यांची छायाचित्रं पाहताना मला ती जुनी पुसट आकृती आठवते.

आणि आमचं कामोठं? १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या, त्यांत पनवेल तालुक्यातलं कामोठे गाव होतं. आज इथे सेक्टर आहेत, इमारती आहेत. त्याआधी इथे भातशेती होती. मी मुलांना सांगितलं, घरी किंवा गावठाणातल्या आजी-आजोबांकडे जुने फोटो असतील तर बघून या. फोटो होते. लग्नाचे होते, बारशाचे होते, स्टुडिओत उभं राहून काढलेले होते. लावणीचा, झोडणीचा, खाडीवरून मासळी आणतानाचा एकही मिळाला नाही. एक आजी म्हणाल्या, “बाला, कामाचा कोन फोटू काडतंय?” जो भाग आयुष्यातला सर्वांत मोठा, तोच चित्रात नव्हता.

वर्गात करून पाहा

हे पाहून आम्ही एक उपक्रम केला. तुम्हीही आपल्या गावात करू शकाल.

पहिला भाग विज्ञानाचा. मोबाइलमध्ये शटरचा वेळ बदलायची सोय असेल तर फोन स्टुलावर पक्का टेकवा आणि संध्याकाळच्या मंद उजेडात चालणाऱ्या मित्राचे फोटो घ्या. एकदा एक अडीचशांश सेकंद, एकदा पाव सेकंद, एकदा चार सेकंद. तो चालताना कुठे पुसट झाला, कुठे नाहीसा झाला, याची नोंद करा. अंतर पट्टीनं मोजून वरचं गणित ताडून पाहा. मग त्याला दोन सेकंद थांबून पुन्हा चालायला सांगा. चार सेकंदांच्या फोटोत आता भुतासारखी अर्धपारदर्शक आकृती दिसेल! का, ते मुलांनाच सांगू द्या.

दुसरा भाग इतिहासाचा. प्रत्येकानं आपल्या रस्त्यावरचा एकच क्षण टिपायचा. सण नको, सजावट नको, रोजचं काहीतरी. अट एकच: आधी विचारायचं. नाही म्हटलं तर फोटो नाही. आणि फोटोसोबत चार ओळी लिहायच्या: तारीख आणि वेळ, नेमकी जागा, माणसाच्या संमतीनं त्याचं नाव, आणि फोटोच्या आधी व नंतर काय घडलं. चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. शटर अडीचशेव्या भागाइतकंच उघडं असतं, उरलेला दिवस फोटोत नसतो. तो शब्दांतच ठेवावा लागतो.

तो पहिला प्रश्न विचारणारी मुलगी स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या काकांकडे गेली. त्यांनी आधी नकार दिला. “हात काळे आहेत,” म्हणाले. तिनं फोन खिशात ठेवला आणि बसून राहिली. थोड्या वेळानं तेच म्हणाले, “घे, पण हातांचा घे.” तिच्या वहीत चौथी ओळ अशी आहे: ‘आधी काकांनी नाही म्हटलं. नंतर त्यांनी माझ्या चपलेचा अंगठा शिवून दिला आणि पैसे घेतले नाहीत.’

फोटोत फक्त दोन हात आणि एक चप्पल आहे. हात चालू होते, पण पुसट झालेले नाहीत. खाली नाव लिहिलेलं आहे. ते मी इथे देत नाही, कारण त्यांनी परवानगी वर्गापुरती दिली आहे.